देवापुढची वाटी

"कॅप्सूल घ्यायला विसरलात तरी चालेल, काकू. पण विसरलात हे वहीत लिहायला विसरू नका."

रत्नागिरीच्या रुग्णालयातल्या त्या लहानशा खोलीत शर्वरी डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला होता. माझ्या धाकट्या भाचीच्या वयाच्या, पण मी त्यांना अहोजाहोच करत असे. टेबलावर दोन पांढऱ्या बाटल्या होत्या. एकीवर सत्तावीस आकडा, दुसरीवर एक्केचाळीस. सत्तावीस ह्यांची, एक्केचाळीस अनसूयेची. शेजारी निळ्या पुठ्ठ्याच्या दोन वह्या. त्या दोन्ही माझ्याकडे आल्या, कारण आम्हा तिघांत न कापणारा हात माझा एकटीचा होता.

ह्या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

ह्यांना कंपवात जडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. मनीऑर्डरीचा फॉर्म लोक मुद्दाम ह्यांच्याकडून भरून घेत, इतकं अक्षर सुरेख. ते अक्षर आता ओळ संपेस्तोवर मुंगीएवढं होत जाई. अनसूया मयेकर आमच्या खालच्या वाडीतली. आमच्या अंगणातून थोडी सपाट वाट, मग पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्या, आणि त्या उतरल्या की व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे, तिचं घर. नवरा लवकर गेला, मुलगा पुण्याला. तीस वर्षं तिनं अमसुलं केली. कोकमाचे रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, साली रसात बुडवून उन्हात घालायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. उन्हाळाभर तिचे हात मनगटापर्यंत तांबडे असत. ते हात ह्यांच्या मागोमाग वर्षभरात थरथरायला लागले.

आणि रुग्णालयानं आम्हाला ज्यात घेतलं तो नऊ महिन्यांचा प्रयोग नेमका कोकमाच्या सालीचाच होता. शर्वरी डॉक्टरांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. लोखंड जसं हवेनं गंजतं, तसं काहीसं मेंदूतल्या पेशींचं होत असावं. झाडं स्वतःला जपायला सालीत, पानांत, रंगात काही द्रव्यं साठवतात. ती हा गंज थोपवतात, असं उंदरांमध्ये दिसलंय. माणसांत दिसतं का, ते बघायचंय. हे औषध आहे असं मी म्हणत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. नेहमीच्या गोळ्या चालूच ठेवायच्या होत्या.

"म्हणजे मी गंजलोय," हे म्हणाले.

अनसूयेनं तर डॉक्टरांनाच शिकवलं. म्हणाली, कोकमानं तांब्याचा हंडा घासला की लखलखतो, हे आमच्याकडे पोरांना ठाऊक असतं, त्याला नऊ महिने कशाला हवेत? डॉक्टर हसल्या आणि मग त्यांनी खरी अडचणीची गोष्ट सांगितली. अर्ध्या लोकांना कोकमाच्या अर्काची कॅप्सूल मिळणार आणि अर्ध्यांना दिसायला अगदी तशीच, पण आत तांदळाचं पीठ असलेली. कुणाला कुठली, ते संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. आम्हाला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. शिवाय नऊ महिने घरात कोकम बंद. सार नाही, सोलकढी नाही.

"म्हणजे संगणकाचा कौल," अनसूया म्हणाली. आमच्याकडे ग्रामदेवतेला पाकळ्या लावून कौल घेतात. पडेल तो मानायचा, पुन्हा विचारायचा नाही. मग ती ह्यांच्याकडे वळली. "आणि भाऊ, मी जल्मभर केली अमसुलं, आणि खायची मात्र बाटलीतली. तीपण पिठाची निघाली तर हसू नका हां मला."

तिघांनी सह्या केल्या. मी काळजी घेणारी म्हणून. सांगितलं तसं देईन आणि घडलं तसं लिहीन, असं त्या कागदावर होतं.

बाटल्यांची झाकणं दाबून फिरवायची होती, ती अनसूयेला जमेनात. म्हणून दोन्ही बाटल्या माझ्या देवघरातल्या फळीवर राहिल्या. रोज सकाळी आठच्या सुमारास ती पाखाडी चढून यायची. मी दोघांना पेज वाढायची, मग त्यांच्या त्यांच्या बाटलीतली कॅप्सूल हातावर ठेवायची आणि वहीत लिहायची. सत्तावीस, घेतली. एक्केचाळीस, घेतली.

माझे नेम पुष्कळ आहेत. ह्यांनी त्यावरून थट्टाही पुष्कळ केली. पण एक नेम आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी दिलेला, तो मी आजवर मोडलेला नाही. आपल्या ताटातला पहिला घास दुसऱ्या कुणाच्या मुखी घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. माणूस नसेल तर गाय, गाय नसेल तर कावळा. चातुर्मासात जेवताना मौन, हा तेव्हाचा आणखी एक. पहिल्या घासाचा नेम धरणाऱ्या माणसाला एक वाईट खोड लागते. समोर दोन पानं असली की त्याचं लक्ष आपोआप कुठलं पान रिकामं आहे तिकडे जातं.

आषाढ संपता संपता ह्यांच्यात फरक दिसला. सदऱ्याची बटणं स्वतः लावायला लागले. एक दिवस वर्तमानपत्राच्या कडेला सबंध पत्ता लिहिला आणि ओळ शेवटपर्यंत तेवढीच राहिली. मला हाक मारून दाखवली. मी देवापुढे दिवा लावून आले.

अनसूयेचा हात मात्र होता तिथेच. कधी पेज सांडायची, कधी चहा. ती हसायची, "भाऊंना साल आणि मला पीठ. कौल पडला तो पडला." मग एकदा तिनं सांगितलं की मुलानं दिवाळीपर्यंतची मुदत दिलीय. तोवर तिला एकटीला चूल सांभाळता आली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप आणि ती पुण्याला, चौथ्या मजल्यावर. हे सांगतानाही हसली. पण त्या दिवशी ती गेल्यावर मी अंगणाच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, कपडे वाळत घालायला गेले, तेव्हा ती पाखाडीच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली दिसली. उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता. खोडकर पोराला धरून बसवावं तसा.

श्रावणातला दुसरा सोमवार होता. पूजा झाली, नैवेद्य दाखवला. हे ओटीवर होते. मी फळीवरून दोन्ही बाटल्या काढल्या. पितळेची वाटी पुसून देवापुढे ठेवली आणि सत्तावीस नंबरची बाटली तिच्यात उपडी केली. मग एक्केचाळीस. बोटानं चारदा ढवळलं. सगळ्या सारख्याच, तांबूस, चकचकीत. आता देवालासुद्धा सांगता आलं नसतं कुठली कुणाची. मग एक ह्या बाटलीत, एक त्या बाटलीत, अशा वाटून भरल्या, वर कापूस लावला, झाकणं दाबली.

कौल लावावा असं मनात आलं होतं. लावला नाही. नको असा आला तर काय करायचं, ही भीती होती. म्हणजे आपण करतोय ते बरं नाही, हे मला तेव्हाच ठाऊक असलं पाहिजे.

वहीत मी लिहिलं, सत्तावीस, घेतली. एक्केचाळीस, घेतली. बाटल्यांवरचे आकडे खरे होते. दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या की पहिल्या सोमवारी वाटी काढायची, हेही एक व्रतच झालं.

ह्यांची नजर पोस्टातली. शिक्का जरा तिरका पडला तरी कळायचा. भाद्रपदात एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. हे सहज म्हणाले, "अगो, माझ्या बाटलीतला कापूस असा कोंबलेला का? मला रोज माझ्याच बाटलीतली देतेस ना?"

माझं मौन होतं. मान हलवली असती तरी उत्तर झालं असतं. मी ताटाकडे बघत राहिले. "राहू दे, जेव," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या ताटाकडे भाजीचं भांडं सरकवलं. जेवण झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चाळीस वर्षं मौन पाळलं, पण त्याच्याआड लपता येतं हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आश्विनात ह्यांची ओळ पुन्हा बारीक व्हायला लागली. बटणांना वेळ लागू लागला. चालताना पाय मधेच जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे. हे काही बोलत नसत, फक्त मी बघत नाहीसं पाहून पुन्हा प्रयत्न करत. आणि अनसूयेचा हात थोडा निवला होता. दिवाळीत मुलगा आला. तिनं त्याच्यासमोर चूल पेटवली, चहा केला, पेला त्याच्या हातात दिला. एक थेंब सांडला नाही. तो कुलूप न लावता परत गेला. भाऊबीजेला ती वर आली, ह्यांना ओवाळलं आणि मला म्हणाली, "वैनी, माझं घर राहिलं."

ती ओवाळत होती तेव्हा निरांजन स्थिर होतं आणि ह्यांचं गुडघ्यावरचं बोट हलत होतं. मी दोन्हीकडे बघत होते. वाटी बंद केली तर तिचा हात, चालू ठेवली तर ह्यांचा. त्या रात्रीपासून जपात माझं मन लागलं नाही.

मार्गशीर्षात सहाव्या महिन्याच्या मोजणीला आम्ही तिघं रत्नागिरीला गेलो. बाहेर बाकांवर बरीच माणसं होती, लांज्याची, राजापूरची. शर्वरी डॉक्टर बाहेर आल्या त्या माझी वही हातात घेऊनच. बाकावरच्या एका बाईला त्यांनी ती उघडून दाखवली. म्हणाल्या, ही बघा, एक दिवस चुकलेला नाही, एक खाडाखोड नाही, अशी लिहायची. त्या बाईनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. तिचा नवरा तिच्या खांद्याला टेकून बसला होता, तोंडातून लाळ येत होती आणि ती न बघताच पदरानं पुसत होती.

मी उठले. "डॉक्टर, ती वही दाखवू नका."

आत जाऊन, ह्यांच्या आणि अनसूयेच्या देखत, मी सगळं सांगितलं. वाटी, सोमवार, कापूस, सगळं. आईनं दिलेला नेमही सांगितला, जणू तो मला सोडवणार होता. माझा आवाज मुळातच बारीक, त्यामुळे तिघांनाही पुढे वाकून ऐकावं लागलं. हे वाकले होते ते तसेच राहिले.

डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, तुम्हाला जे दिसत होते त्यांच्याशी तुम्ही वाटून घेतलंत. या प्रयोगात एकशे चाळीस माणसं आहेत. अजून जी आजारीसुद्धा पडलेली नाहीत, ती तर किती तरी. त्यांना खरं काय ते कळायला हवं होतं. घास घेतलात तो त्यांच्या ताटातला."

कॅप्सूल तिथंच थांबल्या. पण त्यांनी एक सांगितलं, ते मला आजही नवलाचं वाटतं. म्हणाल्या, औषध बंद झालं तरी माणूस प्रयोगातून जात नाही. संगणकानं ज्या गटात नाव घातलं त्याच गटात ते मोजलं जातं आणि जे घडलं ते घडलं तसं कागदावर चढतं. तेव्हा नवव्या महिन्याला या. चूक लिहिली की तिचा उपयोग होतो, लपवली की होत नाही. सगळं संपल्यावर कुणाला काय होतं ते उघडतात. तेव्हा मी स्वतः घरी येऊन सांगेन.

एसटी स्टँडवर आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो. मी मधे. मग अनसूया समोरच्या गाडीकडे बघत म्हणाली, "म्हणजे भाऊंच्या तोंडचं मी खाल्लं."

मी काही बोलणार तेवढ्यात हे बोलले. माझ्याशी नाही, मला ओलांडून तिच्याशी.

"अनसूयाबाई, कुणाच्या बाटलीत काय होतं ते अजून कुणालाच ठाऊक नाही. ते उघडेल, त्यानंतरच्या सकाळी मी तुमच्या दारात येऊन सांगेन. मी येईन, ही नाही. तोवर मनात काही धरायचं नाही."

तिनं मान डोलावली. पण धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना पेज वाढली. दुसरं पान मांडलं होतं, ते तसंच राहिलं. अनसूया आली नाही. हे म्हणाले, "मला विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, अगो. अर्धी काय, सगळी दिली असती कदाचित. तेवढं तरी माझ्या हातून झालं असतं. माझ्या हातून आता होतं काय? ते तू काढून घेतलंस."

मी म्हटलं, चुकले. ते म्हणाले, माहीत आहे. आणि पेज प्यायले. पुढं ते कधी त्यावर बोलले नाहीत, टोमणासुद्धा मारला नाही. ज्या माणसानं माझ्या प्रत्येक उपासावर विनोद केला, त्यानं ह्या गोष्टीवर एकही केला नाही, यावरून मी काय ते समजले.

अनसूयेनं वर येणं सोडलं. मीच दोनदा गेले. तिनं बसायला पाट दिला, पाणी दिलं, पण बोलणं गावच्या देवळाचं, पावसाचं. तिच्या पुण्याच्या सुनेकडून फोनवर मला कळलं की तिनं ह्यांच्यासाठी संकष्टी धरलीय, तीही पाण्यावरची. फाल्गुनातल्या मोजणीला ती आमच्या आधीच्या गाडीनं गेली आणि आम्ही पोचलो तेव्हा परत निघाली होती. तिचा हात पुन्हा होता तसा कापायला लागला होता. मुलगा पुन्हा कुलपाचं बोलू लागला होता आणि ती त्याला नाही म्हणत नव्हती. जणू तेवढी शिक्षा बरोबरच होती.

त्यानंतर सव्वा वर्षानं, वैशाखात, शर्वरी डॉक्टर खरंच आल्या. अनसूयेचं पुण्याला जाणं लांबत राहिलं होतं, ती अजून खालच्या घरातच होती. ह्यांचं बाहेर जाणं तोवर थांबलं होतं. ओटी, माजघर, न्हाणीघर, एवढंच. बोलणं हळू झालं होतं, पण डोकं लखलखीत. डॉक्टर ओटीवर बसल्या. मी पन्हं दिलं. त्यांनी आधी प्रयोगाचं सांगितलं. अर्क घेतलेल्यांत आणि पीठ घेतलेल्यांत फरक दिसला, पण इतका थोडा की तो नुसता योगायोगही असेल. आणखी माणसांत, आणखी दिवस बघायला हवं. औषध सापडलं असं मी म्हणणार नाही, काका. पण वाट बंद झालीय असंही नाही.

हे म्हणाले, "आणि सत्तावीस?"

डॉक्टरांनी पिशवीतून कागद काढला, पण त्याच्याकडे बघितलं नाही. "पीठ," त्या म्हणाल्या.

मी खांबाला धरून उभी होते. मनात आलं, म्हणजे खरं औषध अनसूयेचं होतं. मी तिच्यातलं काढून ह्यांना देत होते.

"एक्केचाळीसही पीठ," डॉक्टर म्हणाल्या. "दोघांनाही पीठच होतं, काकू."

हे हसायला लागले. त्या दिवसांत हसू त्यांच्या चेहऱ्यावर नीट उमटत नसे, खांदेच हलत. खांदे हलत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. "चार महिने," ते म्हणाले, "चार महिने ही बाई देवासमोर बसून पिठात पीठ मिसळत होती."

मी विचारलं, मग आषाढातली ती ओळ? दिवाळीतला तो चहा? डॉक्टर म्हणाल्या, या आजारात असं होतं. आपल्याला काहीतरी मिळतंय या आशेनंसुद्धा हात काही दिवस स्थिर राहतो. ते खोटं नसतं. टिकत नाही, एवढंच.

मला वाटलं होतं, असं काही निघालं तर माझा भार उतरेल. उतरला नाही. मी वाटलं ते पीठ होतं, पण वहीत लिहिलं ते खोटंच होतं. ते दोन निरनिराळे हिशेब आहेत, आणि दुसरा माझा मलाच फेडायचा आहे. त्या वर्षी चातुर्मासातलं जेवतानाचं मौन मी सोडलं. लोक विचारतात, तेव्हा वयाचं कारण सांगते.

डॉक्टर म्हणाल्या, खाली जाऊन अनसूयामावशींनाही सांगून येते. ह्यांनी हात वर केला. थरथरत होता, पण वर होता. "नको. ते मी सांगणार आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, की पुढच्या प्रयोगाला लोक येतील तेव्हा तुम्ही एकदा येऊन त्यांच्याशी बोलाल का. मी हो म्हटलं. पुढे गेलेही, तीन वेळा. पण ती वेगळी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटपून मी बाहेर आले, तर हे कपाटातला इस्त्रीचा सदरा काढून बसले होते. चार बटणं लावायला पाऊण तास लागला. माझा हात पुढे गेला, त्यांनी मान हलवली, मी हात मागे घेतला. काठी घेतली. मी विचारलं, मी येऊ का मागून, नुसती? म्हणाले, नको.

पायरीशी जरा थांबले. पाठ माझ्याकडेच होती.

"तीन पानं मांड," ते म्हणाले. "तिला जेवायला घेऊन येतो."

अंगण ओलांडताना मधेच त्यांचे पाय खिळले. सपाट जमिनीवरच खिळतात, हे या आजाराचं विचित्र लक्षण. पायऱ्या दिसल्या की उलट बरे पडतात. मी दारातून पुढे झाले आणि थांबले. त्यांनी काठी पुढे घेतली आणि टोकानं तांबड्या मातीत एक आडवी रेघ ओढली. मग ती रेघ ओलांडावी तसा पाय उचलला आणि पलीकडे टाकला. चार पावलं गेली. पुन्हा खिळले. पुन्हा रेघ, पुन्हा पाय. फणसाखाली एक, गोठ्यापाशी एक, गडग्याच्या फटीत एक. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मग सपाट वाट संपली, त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात कडेच्या भिंतीला लावला आणि पाखाडीची पहिली पायरी उतरले.